कोरडं बंदर

कागदोपत्री आम्हाला बंदरच म्हणतात.
कोरडं.
अजनीच्या रुळांपलीकडे, तारेच्या कुंपणात,
जिथे लाट म्हणजे पत्र्यावर थरथरणारं ऊन
आणि भरती-ओहोटी म्हणजे
मालगाडी आली, मालगाडी गेली.

मी कंटेनर तपासते. चौदा वर्षं झाली.
दाराचं रबर, कोपऱ्यांचा गंज, तळाची फळी,
मग खडूने: ठीक. किंवा: धुवा.
समुद्र एकदाच पाहिला, लग्नानंतर, हर्णैला.
दिसायच्या आधीच वासावरून ओळखला.
नवरा म्हणाला, तुला काय माहीत?
म्हटलं, रोज त्याची दारं उघडते.

सरकारी बंदरातून डबा येतो तेव्हा सोबत
पिवळा फॉर्म, एकोणीस रकाने, कार्बनची तिसरी प्रत.
‘सांडपाण्याची विल्हेवाट’ समोर घाईत लिहिलेलं: होय.
होय म्हणजे काय, ते विचारायला रकाना नाही.

खाजगी बंदरातून येतो तेव्हा
गुळगुळीत पुस्तिका. मुखपृष्ठावर खारफुटीचं एक रोप,
रोपाभोवती पाच माणसं, शर्ट इस्त्रीचे, बूट कोरडे.
आत आकडे, दशांश चिन्हानंतर दोन घरं.

डबे मात्र सख्खे भाऊ.
कोपऱ्याच्या भोकात तोच काळा चिखल,
चिखलात कधी नखाएवढा शंख,
आणि शंखाला कोण मालक, ते ठाऊक नाही.

दोन्हींकडून एकाच आठवड्यात पत्र आलं:
धुण्याचं पाणी समुद्रात जाऊ देऊ नये.
आम्ही हसलो. फायलीला लावलं.
पोचम मडावी हसला नाही.
पाइप बंद करून, ओल्या बोटांवर मोजायला लागला:
“हा नाला नागेत जाते. नाग कन्हानेत.
कन्हान वैनगंगेत. मंग प्राणहिता,
तिथं आमचं सिरोंचा, आमची माय भांडे घासते.
मंग गोदावरी. मंग समुद्र.”
कोणता, मी विचारलं.
“दुसरा.”

एका समुद्राचं तेल आणि मीठ
आम्ही दुसऱ्या समुद्राला पाठवत होतो,
मधे एका बाईची भांडी लागतात
हे पत्रात नव्हतं.

फेब्रुवारीत मृगाच्या संत्र्यांचे थंड डबे लागले,
रात्रभर घरघरत, शेपटीला वायर.
मी पुस्तिका काढून त्याला वाचून दाखवली, पान अकरा:
जहाज धक्क्याला लागलं की इंजिन बंद,
किनाऱ्याची वीज जोडायची,
धूर शून्य.
पोचम थप्पीवर चढला, उत्तरेकडे बघितलं.
हवा स्वच्छ असली की तिथून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
“मॅडम, शून्य तर तिकडून निघून रायलं.”

कुठली तार कुठे जाते मला माहीत नाही,
विजेच्या अंगावर पाटी नसते.
एवढं माहीत आहे की नणंद खापरखेड्याला राहते,
कुरड्या वाळत घालते त्या जुन्या ओढणीखाली,
आणि संध्याकाळी ओढणी झटकते तेव्हा
तोंड फिरवते, सवयीने,
जसं आपण ओळखीच्या माणसाला टाळतो.

मार्चमध्ये आम्ही खड्डा खणला.
मंजुरी नव्हती. विटांचे तुकडे, वाळू, कोळसा,
आणि वर तेल धरायला गोणपाट.
पहिल्या दिवशी गोणपाटच वाहून गेलं.
दुसऱ्या दिवशी पोचमने दगड ठेवले.
पाणी अजून गढूळच निघतं, पण
चमकत नाही. ते इंद्रधनुष्य गेलं,
ज्याकडे मी चौदा वर्षं
सुंदर म्हणून बघत होते.

फॉर्मात सोळावा रकाना आहे:
समुद्रापासूनचं अंतर.
इतकी वर्षं मी लिहायची: लागू नाही.
परवा लिहिलं: एक नाला.

ढोकेसाहेबांनी लाल शाईने खोडलं.
बाजूला लिहिलं, किलोमीटरमध्ये द्या.

पुढचा डबा आला. सरकारी की खाजगी, पाहिलं नाही.
खडू काढला.